जळगाव जिल्ह्यात जंगलाकाठच्या गावकऱ्यांना सोबत घेऊन शिकार कशी थांबवता येईल?

तुम्ही लिहिलंय की शहरातले आठ-दहा मित्र मिळून सातपुड्याच्या पायथ्याला काम सुरू करताय. गावोगावी खबरे तयार करायचे, बक्षीस लावायचं, कॅमेरे बसवायचे. 'खबरे' हा शब्द वाचला आणि राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

चोपडा तालुक्यात आमची शेती आहे. वरच्या अंगाला फॉरेस्टची हद्द, मधे कोरडा नाला. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट, भादव्यात मका दुधावर आला होता. एके दिवशी पहाटेच सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, दारात. वीस-बावीसचा पावरा आदिवासी पोरगा, आमच्याकडे तिसरं साल करत होता. म्हणाला, "भाऊ, नाल्यात तरस अडकलंय."

मोटरसायकलची क्लच वायर होती, कुठल्याही गॅरेजात मिळते ती. रानडुकरं कुंपणातून जिथून घुसतात, बरोब्बर त्या वाटेवर फास, आणि वायरचं दुसरं टोक अंजनाच्या बुंध्याला. डुकराची मान अडकते, हे तरस पोटापर्यंत आत गेलं होतं. रात्रभर गोल फिरून फिरून त्यानं झाडाभोवती खळं केलं होतं, मळणीला करतात तसं. अंजनाची साल हातभर उंचीपर्यंत सोलून निघालेली. आम्ही गेलो तेव्हा ओरडण्याइतकीही ताकद उरली नव्हती. आयाळ मात्र ताठ उभी. वनरक्षक तासाभरात आला, एकटाच, स्वतःच्या गाडीवर. भुलीचं इंजेक्शन देणारे डॉक्टर जिल्ह्याहून निघाले असा फोन आला तेव्हा अकरा वाजले होते. साडेअकराला तरस मेलं.

तोवर माझा एक शाळेपासूनचा मित्र तिथं पोचला होता. जळगावला राहतो, प्राण्या-पक्ष्यांचा नाद आहे, ग्रुप चालवतो. त्यानं फोटो काढले. एकात मेलेलं तरस आणि शेजारी आमचा सालदार. संध्याकाळी तो ग्रुपवर पडला, खाली ओळ: 'वेळेवर खबर देणारा जागरूक आदिवासी तरुण'. चांगल्या मनानं टाकला असेल, मी नाही म्हणत नाही. दोन दिवसांत तोच फोटो फिरत फिरत आमच्या गावातल्या फोनवर आला. दरम्यान दोन मजूर उचलले गेले होते, त्यातला एक या पोराचा मावसभाऊ. फास त्यांनीच लावला होता, ते खरं. पण वायर आणून देणारा, लावायला सांगणारा शेतमालक मोकळा राहिला. त्याच्या ओट्यावर कुणी चौकशीलासुद्धा चढलं नाही.

आखाजीपर्यंतचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतचं, साल अर्ध्यात टाकून पोरगा सुरतेकडे निघून गेला. त्याच्याकडे उचल बाकी होती, मी मागितली नाही. पुढची तीन वर्षं आमच्या शिवारात कुणालाही काहीही 'दिसलं' नाही. फास होतेच, नाल्यात मला स्वतःला सापडले.

मित्र अजून म्हणतो, शिकाऱ्याला धाक पाहिजे. अरे, धाक कायद्यात कमी आहे का? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फास लावणं हीच शिकार धरलीय, जनावर अडको न अडको. अनुसूची 1 मधल्या प्राण्यासाठी 3 ते 7 वर्षं कैद. खबर देणाऱ्याला दंडाच्या रकमेतून बक्षीस द्यायची तरतूदही त्यातच आहे. तरीही वायर लागतेच, कारण ती लावणारा आपला मका राखायला निघालेला असतो. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं वनपालाला तोंडावर विचारलं होतं, "जंगल तुमनं, डुक्करं तुमना, मंग मना मका कोना?" वनपाल हसला. दुसरं काय करणार!

आणि डुकराच्या मागे सगळं येतं. मुक्ताईनगरकडे डोलारखेडा-चारठाण्याच्या बाजूला केळीच्या बागेत वाघ वावरतो, त्याचं एक कारण तिथला गारवा आणि दुसरं हेच डुक्कर. विजेच्या लाईनवर आकडा टाकून बांधावर उघडी तार सोडली की ती समोर कोण आलंय ते बघत नाही. रात्री पाणी भरायला निघालेला शेजारीही तिच्यावर जातो, आणि रात्रपाळीची लाईट असली की शेतकऱ्याला रात्री निघावंच लागतं.

म्हणून खबऱ्यांच्या आधी पिकाच्या नुकसानभरपाईच्या पंचनाम्याचं बघा. तलाठी, कृषी सहायक आणि वनरक्षक हे तिघं एका दिवशी एका बांधावर उभे करणं हे वाघ दिसण्याइतकं दुर्मिळ आहे. तुमच्यातल्या दोघांनी नुसते अर्ज भरून द्यायचं आणि पाठपुरावा करायचं काम घेतलं तरी गाव तुम्हाला चहा पाजेल. मका भरायला लागला की जागल्यांसोबत नाले चाला, वायरी काढा, गुंडाळून वनरक्षकाकडे द्या. कुणी लावली ते पहिल्या वर्षी विचारू नका. वनहक्क कायद्याच्या (2006) कलम 5 मध्ये वन्यजीव राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. ग्रामसभेत ठराव झाला की शेतमालकालाही खाली मान घालून बसावं लागतं, तिथं फक्त मजूर सापडत नाहीत.

हे सगळं मका आणि डुकरापुरतं हं. कातडी, नखं, खवल्या मांजर, मांडूळ साप यांचा धंदा करणारे वेगळे लोक असतात, लोखंडी सापळे घेऊन येतात. पाणवठ्यात युरिया किंवा थायमेट हे कीटकनाशक टाकणाऱ्यालाही भोळा समजू नका. तिथं गोडीगुलाबी नको आणि स्वतः पुढे होऊन मर्दुमकी तर अजिबात नको. वनविभागाच्या 1926 नंबरवर फोन करायचा आणि गप्प राहायचं.

आणखी एक, आधीच सांगायला हवं होतं. वडील होते तोवर आमच्याही बांधावर वायर असायची. डुकराचं मटण घरी शिजलंय, मी खाल्लंय. तेव्हा मी कुणाला शहाणपण शिकवतोय असं समजू नका.

कॅमेऱ्यांचं राहिलं. वनविभागाची लेखी परवानगी असल्याशिवाय जंगलात एकही लावू नका, नाहीतर पहिला गुन्हा तुमच्यावरच. परवानगी मिळाली तर कॅमेऱ्यात माणसंही येतील, सरपण नेणाऱ्या बाया येतील. ते फोटो कुठंही टाकायचे नाहीत. माझ्या मित्राच्या ग्रुपच्या पानावर सगळ्यात वर आजही तोच तरसाचा फोटो आहे. मी त्याला तीनदा काढायला सांगितलं. म्हणतो, सगळ्यात जास्त लाईक त्यालाच आहेत.