उत्तर: जमादार मूळ फाईल मागतोय, पेशंटचा मुलगा झेरॉक्स मागतोय, काय करू?

ताई, तुमची पोस्ट वाचून जुनं दुखणं वर आलं. तुमचा परभणीकडचा वीस खाटांचा दवाखाना, अपघाताचा पेशंट. पोलिस ठाण्याच्या जमादाराला मूळ फाईल पाहिजे, मुलाला झेरॉक्स पाहिजे, दवाखान्याचे डॉक्टर सर म्हणतात बिल भरल्याशिवाय कागद द्यायचा नाही, आणि विम्यावाले पाव्हणे व्हॉट्सॲपवर ‘नुसते फोटो पाठवा’ म्हणून मागं लागलेत. चौघांच्या मधी तुम्ही एकट्या. मी लातूरला एका दवाखान्यात रेकॉर्ड सांभाळायचो, आता दुसरीकडं आहे. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. काउंटरमागून जे दिसलं तेच लिहितोय, त्यामुळं काही करायच्या आधी सरांच्या वकिलांना एक फोन करा.

पेशंटची गोष्ट टपरीवर बोलू नये वगैरे तुम्हाला सांगत बसत नाही. फाईलवर येतो.

ऊसतोडीच्या हंगामात आमच्याकडं ट्रॅक्टर-ट्रॉलीचे अपघात यायचे. त्यातलाच एक पेशंट, मांडीचं हाड मोडलेला. ऑपरेशन होऊन घरी गेला. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणाऱ्या केसची, खबर ठाण्याला वेळेवर गेली होती, सगळं रीतसर. पुढं एका रात्री ठाण्यातून माणूस आला, ‘साहेबांनी फाईल मागवलीय’ एवढंच म्हणाला आणि ड्यूटीवरच्या ब्रदरनं, म्हणजे पुरुष नर्सनं, कपाट उघडून दिलं. इंडोर पेपर (भरती असतानाचे कागद), ऑपरेशनची नोट, एक्स-रे, सगळा गठ्ठा गेला. ना पत्र, ना पोच, ना पंचनामा. सकाळी मी आलो तर कपाटात जागा रिकामी.

काही महिन्यांनी पेशंटच्या मुलाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कागद लावायचे होते. आमच्याकडं डिस्चार्ज कार्डाशिवाय काही नाही. ठाण्यात गेलो. तपास करणारे साहेब बदलून गेलेले. नवे म्हणाले, चार्जमध्ये मला अशी फाईल मिळालेली नाही. आवक-जावकचा माणूस तर त्याहून हुशार: रजिस्टरला नोंद नाही, म्हणजे फाईल आलीच नाही! अहो, नोंद तुम्हीच करायची होती ना? लेखी पत्र नेलं तर शिक्का मारीना. ‘पोलिसांवर आरोप करताय का?’ ठाण्याचं नाव घेत नाही, उगाच कटकट नको.

ते पोरगं मात्र आमच्या काउंटरवर येऊन बसायचं. त्याच्या डोक्यात भरलं होतं की आम्ही विमा कंपनीकडून पैसे खाल्ले. त्याला तरी दोष कसा देणार? शेवटी त्याच्या वकिलानं माहिती अधिकाराचा अर्ज टाकायला लावला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला तीस दिवसांची मुदत. मग गंमत बघा, न आलेली फाईल सापडली! दुसऱ्याच गुन्ह्याच्या गठ्ठ्यात बांधलेली. एक्स-रे गायब ते गायबच. त्या वर्षीची पगारवाढ माझी थांबली. ब्रदरची नाही, तो सरांच्या गावचा.

म्हणून माझं मत कडक आहे, कुणाला पटो न पटो. जमादाराच्या तोंडी सांगण्यावर मूळ फाईल द्यायची नाही. तपासाला कागद लागतात हे खरं, अडवणूक करायची नाही. पण मागणी ठाणे प्रभारींच्या लेखी आदेशानं यावी. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली येतं, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ९१ होतं. आधी सही-शिक्क्याच्या साक्षांकित प्रती द्या, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. मूळच पाहिजे म्हणाले तर जप्ती पंचनामा करून घ्या, त्यात पानांची संख्या आणि एक्स-रे किती हे लिहायला लावा आणि आपल्याकडं पूर्ण झेरॉक्स ठेवा. पानांवर नंबर डिस्चार्जच्या दिवशीच टाका, नंतर कुणी टाकत नाही. आणि कपाटाची किल्ली रात्री कुणाकडं असते ते आजच सरांना विचारा. जमादार गरम झाला तर ‘सरांशी बोला’ म्हणायचं आणि गप्प राहायचं. त्याच्याशी वाद घालायचा पगार आपल्याला मिळत नाही.

मुलाच्या झेरॉक्सचं सोपं आहे. सरांचं इथं चुकतंय. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमावलीत इंडोर रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायला सांगितलंय, आणि पेशंटनं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितलं तर पोच देऊन ७२ तासांत प्रती द्यायला सांगितल्यात. ‘बिल भरलं असेल तर’ अशी अट त्यात नाही. बिलाची वसुली वेगळी करा. न दिल्यास ते गैरवर्तनात मोजलं जातं, तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं जाते आणि नोंदणी सरांची असते, तुमची नाही. हे त्यांना चारचौघांत सांगू नका, केबिनमध्ये सांगा. कागद दिला की ग्राहक आयोगात केस होते ही भीती बऱ्याच डॉक्टरांना असते. मी उलटं पाहिलंय: कागद अडवला की माणसाला वाटतं काहीतरी लपवताहेत, आणि मग तो वकील गाठतो. मुलाकडून अर्ज घ्या, पेशंट शुद्धीवर असेल तर त्याच्या सहीचं अधिकारपत्र घ्या, तारीख-वेळ टाकून पोच द्या. एमएलसीची फाईल मात्र तीन वर्षं झाली म्हणून रद्दीत घालू नका, केस कोर्टात असेपर्यंत ठेवा.

पाव्हण्यांना नाही म्हणा. पेशंटच्या सहीशिवाय फोटो, रिपोर्ट, काही नाही. आपल्या भागात प्रत्येकजण कुणाचा तरी मेव्हणा असतो, त्यानं अधिकार मिळत नाही. एचआयव्हीचा रिपोर्ट आणि गर्भपाताचं रजिस्टर तर नवऱ्यानं विचारलं तरी काउंटरवरून दाखवायचं नाही. २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, आणि गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनं बाईचं नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद ठेवलीय.

विषय निघालाच आहे तर, सोनोग्राफी असेल तिथं गर्भलिंग निदान बंदी कायद्याचा एफ फॉर्म भरायला आपल्यालाच बसवतात. भरा, पण डॉक्टरांच्या सहीच्या जागी कधी हात लावू नका, आणि कोरे रकाने ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका. मागच्या तारखेचं आजारपणाचं सर्टिफिकेट मागायला मास्तर लोक येतात, त्यांनाही चहा पाजून परत पाठवा.

तुमच्या सरांनी जमादाराला तोंडी ‘हो’ म्हटलंच असेल तर आज संध्याकाळच्या आत आख्ख्या फाईलची झेरॉक्स काढून घ्या, एक्स-रेचे फोटोसुद्धा दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर ठेवा, स्वतःच्या मोबाईलवर नको. पत्राचा मसुदा पाहिजे असेल तर सांगा, माझ्याकडं आहे.