चिलीम ओढायची की प्यायची?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाळेत मराठी शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. सहावीतल्या एका मुलीने ‘माझे आजोबा’ या निबंधात लिहिलं, ‘दुपारच्याला आबाजी धुऱ्यावर बसून चिलम पेतात.’ ताईंनी ‘पेतात’ला लाल गोल केला आणि वर ‘ओढतात’ लिहून दिलं. मुलगी वही घेऊन परत आली, म्हणाली, “मॅडम, आमच्या घरी सारे पेतातच म्हणतात.” तेव्हापासून ताईंच्या मनात घोळतंय की धूर कोणी पितं का? ही हिंदीची लागण म्हणायची, की आपल्या बोलीचंच काही?

ताई, तो लाल गोल अर्धा खोडून टाका. ‘पेतात’चं प्रमाण लेखनात ‘पितात’ होतं, तेवढं मुलीला जरूर सांगा. पण ‘पिणे’ काढून ‘ओढणे’ घालायचं काहीच कारण नाही. चिलीम ओढतात हे बरोबर, आणि चिलीम पितात हेही तितकंच बरोबर. माझं मत विचाराल तर दोहोंत जुनं रूप मुलीचं आहे.

आधी तुमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवरची पाटी आठवा. ‘धूम्रपान करण्यास मनाई आहे.’ यातलं ‘पान’ म्हणजे पिणंच. जलपान, मद्यपान, स्तनपान, तसं धूम्रपान. ज्या शब्दावर सरकारी शिक्का आहे तो शब्द धूर प्यायला लावतो, आणि तेच आबाजींनी केलं की चूक कशी? जाता जाता एक गोष्ट. संस्कृतात धुराला ‘धूम’ म्हणतात. ‘धूम्र’ म्हणजे धुरकट, धुराच्या रंगाचं. त्यामुळे जुना शब्द ‘धूमपान’ असा आहे. मराठीत ‘धूम्रपान’ आता इतकं रुळलंय की ते बदलायला जाऊ नये, पण शब्दाचं मूळ माहीत असावं.

हे धूमपान तंबाखूच्या कितीतरी आधीचं आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पाचव्या अध्यायात त्याचा सगळा विधी दिलाय. चंदन, प्रियंगू, वडा-उंबराची साल अशी द्रव्यं वाटायची, तो लेप शर नावाच्या गवताच्या काडीवर आंगठ्याएवढा जाड चढवायचा, वाळला की आतली काडी काढून घ्यायची. उरते ती पोकळ वात. तिला तूप लावून पेटवायची आणि नळीतून तिचा धूर घ्यायचा. त्या नळीला नाव आहे ‘धूमनेत्र’. इथे नेत्र म्हणजे डोळा नाही. ‘नी’ म्हणजे नेणे, म्हणून धूर नेणारी ती धूमनेत्र. ही नळी सरळ, तीन पेरांची, टोकाला बोराच्या बीएवढं भोक असलेली. लांबीसुद्धा उपचारागणिक ठरलेली: २४, ३२ किंवा ३६ अंगुळं, तीही ज्याची त्याने आपल्या बोटांनी मोजायची. आंघोळीनंतर, जेवणानंतर, दात घासल्यावर, झोपून उठल्यावर अशा धूर घ्यायच्या आठ वेळा सांगितल्या आहेत, आणि घेणाऱ्याला शब्द वापरलाय ‘धूमप’. मद्य पिणारा मद्यप, तसा धूर पिणारा धूमप. तुमच्या विद्यार्थिनीच्या वाक्याला याहून जुना साक्षीदार मला सापडत नाही.

आता ‘हिंदीची लागण’. हिंदीत बीडी ‘पीना’ आहे हे खरं. पण गुजरातीतही बीडी पितात, आणि सिरोंच्याच्या पलीकडे गोदावरी ओलांडली की तेलुगूतही सिगरेट ‘तागतात’, म्हणजे पितातच. विदर्भाच्या दोन्ही अंगांना पिणारेच लोक आहेत. बंगाली माणूस तर धूर ‘खातो’. ओढणाऱ्यांच्या बाजूचा शेजारी हवा असेल तर कन्नड पाहा. तिथलं क्रियापद ‘सेदु’, आणि गंमत अशी की विहिरीतून पोहऱ्याने पाणी काढायलाही तेच क्रियापद. आपलं ‘पाणी शेंदणे’ कानाला किती जवळचं वाटतं पाहा.

शिवाय तंबाखू काही दिल्लीहून आपल्याकडे आलेली नाही. पोर्तुगीजांनी ती किनाऱ्यावर उतरवली आणि दख्खनेत ती लवकर पसरली. अकबराच्या शेवटच्या वर्षांत त्याचा सरदार असद बेग विजापूरला वकिलातीवर गेला होता. तंबाखू त्याला तिथे पहिल्यांदा दिसली, आणि ती व ओढायची नळी त्याने परत जाऊन बादशहाला नजर केली. वस्तू दख्खनेतून उत्तरेला गेली असताना तिचं क्रियापद मात्र उत्तरेनेच आपल्याला दिलं, असं डोळे मिटून का मानायचं?

आणि मराठीला हवा पिण्याचं वावडं कधी होतं? उधळलेल्या पोराला आपण ‘वारा प्यालेलं वासरू’ म्हणतो. वारा पिता येतो, तर धूर का नाही? ‘झुरका’ विडीचा असतो, तसा चहाचाही असतो.

माझी खात्री पटली ती मात्र पुस्तकाने नाही, डोळ्यांनी. लहानपणी आमच्या वावरात बारा वाजता औत सुटायचं, बैल बाभळीखाली बांधले जायचे, आणि आबाजी धुऱ्यावर बसून चंची सोडायचे. (पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: धुरा म्हणजे शेताचा बांध, धुराशी त्याचा संबंध नाही.) चंचीत तंबाखू, चकमक, गारगोटी आणि सावरीचा कापूस. मातीची चिलीम आधी तळव्यावर ठोकून जुनी राख पाडायची. मग तळाशी खडा सोडायचा, नाहीतर तंबाखू सरळ तोंडात येते. वर चुरलेली तंबाखू, सैलसर. दाबली तर धूर येत नाही. लहानशी चिंधी पाण्यात बुडवून, पिळून खालच्या तोंडाला गुंडाळायची, ती ‘छापी’. हिंदीवाले तिला ‘साफी’ म्हणतात. तोवर कापसाने पेट घेतलेला असायचा, तो इस्तो, म्हणजे विस्तव, वर ठेवायचा. आणि मग दोन्ही हातांची पोकळ मूठ करून, चिलमीला ओठ न लावता, आंगठ्याजवळच्या फटीतून ओढायचं.

त्या हातांकडे नीट पाहिलं की कळतं. नाल्यावर वाकून पाणी पिताना हात जसे जुळतात, जवळपास तसेच इथेही जुळतात. एकदा शहरातून आलेल्या माझ्या मावसभावाने विचारलं, “आबाजी, चिलीम ओढता का?” तर ते म्हणाले, “ओढतात तो दोर, बापू. चिलम त पेतात.” त्यांच्या लेखी ओढणं म्हणजे मोटेचं, नाड्याचं, गाडीचं, जोर लावून जड वस्तू आपल्याकडे आणण्याचं. चिलमीला जोर कुठे लागतो?

‘हुक्कापाणी’ हा जोडशब्दही तेच सांगतो. गावाने एखाद्याचं हुक्कापाणी बंद केलं, म्हणजे त्याला वाळीत टाकलं. ज्याच्या हातचं पाणी प्यायचं त्याच्याचबरोबर हुक्का प्यायचा. दोन्हींना एकच क्रियापद, म्हणून एका शब्दात मावले. या प्रथेने किती घरं होरपळली ते गावात राहिलेल्याला सांगायला नको. २०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो याच दुखण्यावर.

दूरच्या भाषांतही हेच चित्र आहे. तुर्कीत सिगारेट आणि नरगिले, म्हणजे हुक्का, दोन्ही ‘पितात’. इजिप्तच्या अरबीतही शीशा (हाही हुक्काच) पितात, आणि तिथल्या क्रियापदाची धातू तीच, जिच्यातून आपल्याकडे ‘शरबत’ आलं. १६०० च्या सुमाराला इंग्रजसुद्धा तंबाखू ‘पीत’ होते. धूर काढण्याचं क्रियापद त्यांच्यात नंतर स्थिरावलं. जपानमध्ये तर तुमचाच वाद जिवंत आहे: किसेरू या लांब नळीच्या चिलमीच्या देशात तंबाखूला ‘नोमु’ म्हणजे पिणेही चालतं आणि ‘सुउ’ म्हणजे ओढून घेणेही. तिथे कोणी कोणाला लाल गोल करत नाही.

‘नरगिले’ आलाच आहे तर सांगून टाकतो, कारण हा शब्द मला फार आवडतो. तो फारसीतल्या ‘नारगील’वरून आला, म्हणजे नारळ, त्याच्या मागे आपलं ‘नारिकेल’ उभं आहे. पाण्याचं भांडं पूर्वी नारळाच्या कवटीचं असायचं, आपल्या गुडगुडीचंही असायचं. कवटी गेली, काच आली, आणि काचेवरून नाव पडलं ‘शीशा’. आपल्याकडे औषधाची शिशी तीच. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या पवित्र नळीला फ्रेंचांनी ‘कॅल्युमेट’ म्हटलं. ते लॅटिन ‘कॅलॅमस’वरून, म्हणजे बोरू. हाच बोरू ग्रीकांकडून अरबांकडे गेला आणि ‘कलम’ झाला, ज्याने आपण लिहितो. त्या नळ्यांचा तांबडा दगड मिनेसोटातल्या ज्या खाणीतून निघतो ती १९३७ पासून राष्ट्रीय स्मारक म्हणून राखलेली आहे, आणि तो दगड आजही मूळ रहिवासीच हातांनी काढतात.

राहिला शब्द ‘चिलम’चा. त्यालाही गोल केला असेल तर प्रमाण रूप ‘चिलीम’ आहे हे सांगा, पण ‘चिलम’ अडाणी नाही हेही सांगा. फारसी-हिंदीत ‘चिलम’च आहे, आणि आपण स्वतः ‘चिलमीत’ लिहितो तेव्हा ती जशीच्या तशी आत बसलेली असते.

माझ्या गावात आता चिलीम दोघा-तिघांकडेच उरली आहे. पोरं सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटतात, आणि खर्रा ‘खातात’. गुळात कालवलेली हुक्क्याची तंबाखू ती गुडाखू. तीही हुक्क्यातून उतरून दातांवर गेली आणि आता ‘घासतात’. पिण्याजोगं काही उरलं नाही की पिण्याचं क्रियापदही गळून जाईल. म्हणून ताई, एक विनंती आहे. त्या मुलीला सांगा की आबाजींजवळ बसून विचार: चिलमीतल्या खड्याला काय म्हणता, चिंधीला काय म्हणता, राख पाडण्याला काय म्हणता. आमच्याकडे खड्याला नुसता ‘खडा’च म्हणत. तुमच्या भागात दुसरं नाव असेल तर मला ते हवं आहे.