ऑनलाइन डॉक्टरने दिलेलं सिक लीव्हचं सर्टिफिकेट इंदूरच्या ऑफिसात चालतं का?

चालतं हो, पण कंपनी प्रायव्हेट असेल आणि एचआर आडमुठा नसेल तर. मार्च 2020 मध्ये टेलिमेडिसिनचे नियम आले तेव्हापासून व्हिडिओवर तपासून औषध लिहून देणं रीतसर आहे, मग विजयनगरच्या फ्लॅटमध्ये तापाने पडल्या पडल्या फोन लावलात तरी काही बिघडत नाही.

कागद मात्र नीट बघून घ्या. डॉक्टरचं नाव, सही, तारीख, आजार काय, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत आराम, आणि मुख्य म्हणजे रजिस्ट्रेशन नंबर, कारण नॅशनल मेडिकल कमिशनच्या साइटवर तो कोणीही तपासू शकतो. पैसे टाका नि पीडीएफ घ्या, डॉक्टर तोंडसुद्धा बघणार नाही, असल्या दुकानांच्या नादी लागू नका, पकडलं गेलं तर नोकरीवर येतं. मागची तारीख टाकून मागू पण नका, चांगला डॉक्टर देणारच नाही.

पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सरकारी विम्याचा हप्ता, कापतात का? मग त्याचे रजेचे पैसे हवे असतील तर ईएसआयच्या डॉक्टरचंच सर्टिफिकेट लागतं, त्यांच्या दवाखान्यात जावं लागेल. सरकारी नोकरीवाल्यांनी आधी ऑफिसात विचारा. फीची पावती आणि प्रिस्क्रिप्शन सोबत जोडा, आणि पोटात जोरात दुखत वगैरे असेल तर सर्टिफिकेट राहू दे, सरळ एमवायला, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, जा.