दहा ते साडेपाच पिल्लाचं काय?

तालुक्याच्या गावात जनावरांचा दवाखाना चालवतो. पूर्वी टेबलावर बकरी आणि दारात गाय असायची. आता कापडी पिशवीतून मान बाहेर काढून पग आणि पामेरियन जातीची कुत्रीही येतात. आणणारे बहुतेक नोकरीवाले. त्यांचे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात: दिवसभर घरी कोणी नसतं.

प्रश्न : आम्ही दोघंही जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. साडेनऊला निघतो, साडेपाचला परततो. मुलीच्या हट्टाखातर पामेरियन घ्यायचं ठरलं आहे. विकणारा पाच आठवड्यांचं पिल्लू देतो म्हणतो, "लहान असलं की लवकर रुळतं." उन्हाळ्याच्या सुट्टीत आणावं का? (शिक्षिका, चिमूर तालुका)

ताई, पाच आठवड्यांचं नकोच. केंद्राच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. नियम राहू द्या, पण दात किती जोरात लावायचा हे पिल्लाला आई-भावंडांच्या धक्काबुक्कीतच कळतं. तो धडा हुकला तर पुढे तुमच्या मुलीच्या हातांवर गिरवला जातो. आणखी एक. आपल्याकडे पामेरियन म्हणून विकतात ते पुष्कळदा इंडियन स्पिट्झ असतं. कुत्रं चांगलं, आपल्या हवेला सरावलेलं. फक्त भाव पामेरियनचा देऊ नका.

उन्हाळ्याच्या सुट्टीचा मोह मला समजतो. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे हातात भरपूर दिवस. पण मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि एवढ्याशा पिल्लाला अंगाचं तापमान नीट सांभाळता येत नाही. त्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत आणा, तेही भाऊबीज उरकल्यावर, फटाके थांबले की. मार्चमध्ये शाळा सकाळची होईल तोवर ते सहा महिन्यांचं झालेलं असेल आणि दुपारी तुम्ही घरी असाल.

अवघड आहेत ते मधले महिने. ढोबळ हिशेब असा: पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास ते लघवी धरू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास, आणि तुम्ही आठ तास बाहेर. म्हणजे मधे दोनदा तरी कोणीतरी दार उघडायला हवं. शेजारच्या काकू बघतील, असं तुम्ही म्हणाल. बघतील, पण दिवाळीनंतर धान कापणी असते, त्या दिवसांत गावात दुपारी माणूस सापडत नाही. शेतावर न जाणारी एखादी आजी गाठा आणि महिन्याचे पैसे ठरवून द्या. उपकारावर चाललेलं काम तिसऱ्या आठवड्यात थांबतं, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. तसं माणूस मिळत नसेल तर पिल्लू आणू नका. वर्ष-दोन वर्षांचं कुत्रं बघा, ते दुपार झोपून काढतं. मुलगी रुसेल, पण रुसू द्या.

दिवसभर लहान पिंजऱ्यात कोंडू नका. खुराड्याला लावतात तसली जाळी आणून खोलीचा एक कोपरा अडवा. एका टोकाला गोधडी, दुसऱ्या टोकाला जुनी वर्तमानपत्रं. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर पिल्लाला लगेच कागदावर नेऊन ठेवा, पंधरवड्यात जागा कळायला लागते. चुकलं तर नाक घासणं, चापट मारणं नको. त्यातून ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायचं नाही, मग पलंगाखाली करतं.

प्रश्न : पिल्लू तीन महिन्यांचं, जेमतेम दीड किलो. उपकेंद्रात बाळांचं लसीकरण असतं त्या दिवशी मला यायला उशीर होतो. परवा घरी आले तर ते लटपटत होतं, मान टाकली होती, अंग थरथरत होतं. दूध पाजल्यावर सावरलं. सासूबाई म्हणतात नजर लागली. (आरोग्यसेविका, दारव्हा तालुका)

नजर उतरवायची तर उतरवा, पण आधी हिरड्यांना गूळ लावा. पिल्लाची साखर उतरली होती. लहान जातीच्या पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा मुळातच चिमूटभर. सात-आठ तास पोट रिकामं राहिलं, त्यात थंडी किंवा जंत असले, की तो संपतो, आणि मेंदूला साखर मिळाली नाही की झोक जातो, झटके येतात. पिल्लू दगावूही शकतं.

असं पुन्हा दिसलं तर गुळाचं घट्ट पाणी, मध किंवा ग्लुकोजची पावडर ओल्या बोटाने हिरड्यांवर चोळा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. फडक्यात गुंडाळून ऊब द्या. सावरलं की खायला घाला. पाच-दहा मिनिटांत फरक दिसला नाही तर दवाखाना गाठा, शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, द्यावं लागतं. सावरलं तरी दुसऱ्या दिवशी एकदा दाखवून घ्याच. तुमच्या पेटीत ओआरएस असतं म्हणून सांगतो, इथे ते पुरत नाही. त्यात साखर फार पातळ असते.

चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा खाणं: निघण्याआधी, दुपारी, आल्यावर आणि अगदी झोपताना. ही शेवटची खेप लोक गाळतात आणि सकाळी पिल्लू गळून पडतं. ज्या दिवशी उशीर होणार हे माहीत आहे त्या दिवशी कोरडं खाद्य वाटीत ठेवून जा. दूध-पोळी ठेवू नका, दुपारपर्यंत ती आंबते. एरवीही गाई-म्हशीचं दूध पुष्कळ पिल्लांना सोसत नाही, हगवण लागते, आणि पोळीवर अंग भरत नाही. उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन, मऊ भात, थोडं दही हे चालतं. कांदा-लसणाचा रस्सा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट अजिबात नाही. शिजवलेलं हाडही नाही, त्याच्या सुया होतात.

प्रश्न : आमचा पग पाच महिन्यांचा. बँकेत जाताना खोलीचं दार-खिडकी बंद करून कूलर लावून जातो. तरी संध्याकाळी तो धापा टाकताना दिसतो. दुपारी लाइटही जाते. (बँक कर्मचारी, आर्वी)

भाऊ, खिडकी बंद हीच चूक. कूलर पाण्याच्या वाफेवर हवा गार करतो. बाहेरची कोरडी हवा आत येऊन दुसरीकडून निघाली पाहिजे. बंद खोलीत तासाभरात दमट होतं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकून जिभेवरचं, तोंडातलं पाणी उडवतं आणि गार होतं. दमट हवेत ते पाणी उडत नाही. त्यात पगचं नाक आखूड, हवा आत-बाहेर करायलाच त्याची दमछाक. खरं सांगायचं तर पग ही विदर्भाच्या उन्हाळ्यासाठी जात नाही, पण आणलाय तर सांभाळू.

खिडकी उघडी, जाळी लावलेली. टिनाच्या छपराखालची खोली नको. लाइट जाईल हे धरूनच चाला. फरशीची न्हाणी किंवा माजघर त्याला उघडं ठेवा, जमिनीवर ओलं गोणपाट टाका, मातीच्या दोन पसरट भांड्यांत पाणी ठेवा.

हिरड्या गडद लाल, लाळ चिकट, चाल अडखळती दिसली की ऊन लागलंय समजा. साधं पाणी अंगावर, पोटावर, पायांवर ओता, बर्फ नको, आणि पंख्याखाली धरा. ताप उतरून १०३ फॅरनहाइटवर आला की पाणी थांबवा आणि दवाखान्यात आणा. एका मे महिन्यात दुपारी दोन वाजता माझ्याकडे एक पग मोटारसायकलवरून आला. मालकाने मायेपोटी त्याला ओल्या टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळून बॅगेत घातलं होतं. टॉवेल वाटेतच तापला आणि आतली उष्णता आतच राहिली. तो वाचला नाही.

प्रश्न : पिल्लाला गोचीड झाले. बैलांसाठी आणलेलं औषध पाण्यात टाकून लावू का? (शेतकरी व ग्रामपंचायत कर्मचारी, मेहकर तालुका)

नका लावू, काका. चारशे किलोच्या बैलाचं औषध दोन किलोच्या पिल्लाला अंदाजाने लावलं की "थोडंसंच" म्हणताना दहापट होतं, आणि ते अंग चाटतं तेव्हा पोटातही जातं. गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजाने टोचून आणलेली पिल्लंही मी पाहिली आहेत. वजनावर ठरणारं मानेवर टाकायचं औषध मिळतं, ते वजन करूनच घ्या. हाती लागतील ते गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, नखाने चिरडू नका. गोठा तुमच्या घराला लागूनच असेल, तर तिथे फवारणी केल्याशिवाय पिल्लावरचे संपणार नाहीत. ताप, पांढऱ्या हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसलं तर गोचीडताप असू शकतो. त्याच दिवशी रक्त तपासा.

प्रश्न : पहिलं पिल्लू रक्ताची हगवण लागून गेलं, डॉक्टर पार्व्हो म्हणाले. घर-अंगण तीनदा फिनाईलने धुतलं. महिना झाला. दुसरं आणू का? (परिचारिका, तिरोडा तालुका)

फिनाईलच्या वासाने आपलं समाधान होतं, पार्व्होला काही होत नाही. फरशीला कपड्यांचं ब्लीच लागतं, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी. आधी साबणाने स्वच्छ धुवायचं, मग हे पाणी दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. जुनी गोधडी, लाकडी खेळणी जाळा. अडचण शेणामातीच्या अंगणाची आहे. मातीत हा विषाणू अनेक महिने टिकतो आणि माती धुता येत नाही.

म्हणून घाई नको. आणायचंच तर लसी पूर्ण झालेलं, चार महिन्यांच्या पुढचं आणा. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळा आठवडे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी परत द्यावी लागते. एकच दिली म्हणून निर्धास्त राहू नये. आईच्या दुधातून आलेली ताकद लसीला दाबते, आणि ती कोणत्या पिल्लात कधी ओसरेल ते बाहेरून कळत नाही. रेबीजची तीन महिन्यांनी, मग दरवर्षी. लस बर्फात आणली होती का, हे मात्र विचारा. तुम्हाला शीतसाखळी काय ते सांगायला नको.

प्रश्न : कुलूप लावलं की रडतं. शेजारी बोलतात. (तलाठी, मोर्शी तालुका)

रविवारी तालीम करा. चावी वाजवा, दार ओढा, दोन मिनिटांत परत या. मग पाच, मग पंधरा. जाताना लाड नाही, आल्यावर गोंधळ नाही. शेजाऱ्यांना महिनाभराचा वायदा द्या.

प्रश्न : रात्री अंगणात बांधलं तर राखण होईल का? गाव जंगलाला लागून आहे. (ब्रह्मपुरी तालुका)

तीन किलोचं कुत्रं अंगणात बांधणं म्हणजे बिबट्याला ताट वाढणं. त्याच्या खाण्यात कुत्री असतातच, आणि बांधलेल्याला पळताही येत नाही. रात्री घरात घ्या. भुंकायचं काम ते आतूनही करतं, आणि तुम्हाला झोप येऊ देणार नाही एवढ्या जोरात करतं.