रंग गेला म्हणून पाणी शुद्ध झालं असं म्हणता येईल का?

तुमचा प्रश्न असा: एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचं पाणी फेंटन पद्धतीने (लोखंडाचा क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालून) वीस मिनिटांत रंगहीन झालं, तर ‘शुद्ध झालं’ असं लिहू का? आणि टायटॅनियम डायऑक्साइड (उजेडात रंग मोडणारी पावडर) घालून नागपूरच्या उन्हात केलं तर?

‘रंग गेला’ एवढंच लिहा. मी नागपूरजवळ बुटीबोरीत एका प्रोसेस हाऊसच्या (कापड रंगवायच्या कारखान्याच्या) सांडपाण्याच्या लॅबमध्ये काम करतो. एकदा फेंटननंतर बीकरमध्ये काचेसारखं पाणी होतं आणि सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप) आला आधीपेक्षा जास्त! उरलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड सीओडीच्या चाचणीत घातलेलं डायक्रोमेट खात होतं. तेव्हापासून पेरॉक्साइड मोडावं म्हणून कॉस्टिक सोडा घालून पीएच वर नेतो, नमुना कोमट करतो, लोखंडाचा तांबूस गाळ खाली बसू देतो आणि पेरॉक्साइडची पट्टी कोरी आल्यावरच सीओडी लावतो.

रंग जायला रेणूतला रंग देणारा भाग मोडला तरी पुरतं. बाकीचे तुकडे पाण्यातच असतात आणि ते कधीकधी मूळ रंगापेक्षा जास्त विषारी निघतात. म्हणून सीओडीसोबत टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) बघा, कार्बन खरंच गेला का ते त्यातूनच कळतं.

फेंटनमध्ये खरं काम हायड्रॉक्सिल रॅडिकल (क्षणभर टिकणारा, फार क्रियाशील कण) करतं. हिराकस (फेरस सल्फेट) आणि पेरॉक्साइड एकत्र आले की ते तयार होतं. पीएच 3 च्या आसपास ठेवा, वर गेला तर लोखंड गाळ होऊन बसतं. पेरॉक्साइड मात्र सढळ हाताने ओतू नका, जादा झालं की तेच रॅडिकल संपवतं.

आता ऊन. साध्या टायटॅनियम डायऑक्साइडला साधारण 387 नॅनोमीटरच्या खालचे अतिनील किरण लागतात आणि उन्हात अतिनील भाग जेमतेम 4-5 टक्के असतो. तरी मे महिन्यात गच्चीवर प्रयोग होतो, फक्त बीकरवर पाण्याच्या पातळीची खूण करा. आपल्याकडच्या उन्हात पाणी उडतं, रंग दाट होतो आणि रीडिंग फसतं. नमुना काढण्याआधी डिस्टिल्ड वॉटरने खुणेपर्यंत भरा. आधी अर्धा तास अंधारात ढवळा, कारण पावडर रंग नुसता चिकटवूनही घेते. शेजारी पावडर न घातलेला एक बीकर ठेवाच, मिथिलीन ब्लू नुसत्या उन्हानेही फिका पडतो.

जमल्यास शेवटी मिठाचं पाणी घालून एक फेरी करा. रिअॅक्टिव्ह डाइंगच्या (सुती कापड रंगवायच्या एका पद्धतीच्या) पाण्यात मीठ भरपूर असतं आणि क्लोराइड रॅडिकल अडवतं. डिस्टिल्ड वॉटरमधले वीस मिनिटांचे आकडे तिथे टिकत नाहीत.