कपाटात चढणारा बुरा

प्रश्न : आमचे घर चिऱ्याचे आहे. पश्चिमेच्या भिंतीला लागून प्लायवुडचे कपाट बसवून घेतले आहे. दरवर्षी आषाढ सरत नाही तोच कपड्यांवर, चामडी पट्ट्यांवर आणि कपाटाच्या पाठीवर पांढरट-हिरवा बुरा चढतो. डांबराच्या गोळ्या ठेवल्या, सिलिका जेलच्या पुड्याही ठेवल्या, पण उपयोग झाला नाही. काय करावे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : डांबराच्या गोळ्या कसरीसाठी असतात, बुरशीवर त्या काही काम करत नाहीत, फक्त तिचा कुबट वास झाकतात. बुरशीला हवी असते ती ओल. हवेतील सापेक्ष आर्द्रता बरेच दिवस ७० टक्क्यांच्या वर राहिली, की सुती कपड्याची खळ, चामडे, लाकूड यांपैकी कशावरही ती पोसते, आणि कोकणात जुलैमध्ये आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे असणे नित्याचेच आहे. सिलिका जेलचा दोष नाही, हिशेबच जमत नाही. हाताला सुका लागणारा एक किलो सुती कपडाही ६५ टक्के आर्द्रतेला ७० ते ८० ग्रॅम पाणी धरून असतो, तर सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण एक-तृतीयांशच पाणी शोषते. त्या चिमूटभर पुड्या बुटाच्या खोक्यात शोभतात, कपाटात नव्हे.

आमच्या मते खरा गुन्हेगार पश्चिमेची भिंत असावी. चिरा सच्छिद्र असतो आणि पावसाळी वाऱ्याची झड नेमकी त्याच बाजूने बसते. खात्रीसाठी कपाटाशेजारच्या उघड्या भिंतीवर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला जमले, तर ओल भिंतीतून येते आहे. मग बाहेरून गिलावा, पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर टाकणारी वळचण आणि भेगा बुजवणे यांवाचून गत्यंतर नाही, आणि ही कामे पावसाळ्याआधीच उरकावी लागतात. बाहेरच्या बाजूला जमले, तर दोष खोलीतल्या हवेचा आहे. कोणत्याही परिस्थितीत कपाट आणि भिंत यांत चार बोटे अंतर ठेवावे; पाठ भिंतीला टेकलेली असेल, तर सुताराकडून ती सोडवून घ्यावी.

सफाईसाठी उघडीप असलेला दिवस निवडा. कपडे अंगणात नेऊनच झटका, कारण खोलीत झटकल्यास बीजाणू सगळीकडे उडतात. नाकातोंडाला मास्क लावा आणि घरात कोणाला दमा असल्यास त्यांना लांब ठेवा. फळ्या कोरड्या न घासता सर्जिकल स्पिरिटने किंवा पांढऱ्या व्हिनेगरने ओलावलेल्या फडक्याने पुसा. स्पिरिट ज्वालाग्राही असल्याने जवळ निरांजनही नको. ब्लीचिंगचे द्रावण लाकडावर फारसे उपयोगी नाही, कारण त्यातील पाणी लाकडात मुरते. व्हिनेगरमध्ये तर ते कधीच मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. बुऱ्यावर रंग फासणे हा बुऱ्याला पांघरूण घालण्याचाच प्रकार आहे.

त्यानंतर आर्द्रतामापक आणा. काही शे रुपयांत मिळतो. तो खरे बोलतो का हे पाहायला वाटीत मिठात थोडेसेच पाणी घालून ओलसर लगदा करा आणि वाटी मापकासह घट्ट झाकणाच्या डब्यात सात-आठ तास ठेवा. ७५ टक्क्यांच्या आसपास आकडा दिसायला हवा. कपाटातला आकडा ६५ च्या खाली ठेवणे हे लक्ष्य. पाऊस कोसळत असताना हवा खेळावी म्हणून दार उघडे टाकण्यात अर्थ नाही. जुने लोक कपाटात बल्ब लावीत. ते शास्त्राला धरून आहे, कारण २७ अंशांवरची ९० टक्के आर्द्रता ३२ अंशांवर साधारण ६७ टक्क्यांवर येते, पण कपड्याला लागून तापणारा दिवा आगीला आमंत्रण आहे, आणि एलईडीला पुरेशी ऊबच नसते. त्यापेक्षा हवेतली ओल शोषून घेणाऱ्या कॅल्शियम क्लोराईडचे डबे तळाशी ठेवा. मात्र त्यात साठणारे पाणी चामड्यावर किंवा जरीवर सांडू देऊ नका.

प्रश्न : आईच्या पैठणीवर पांढरे ठिपके आले आहेत. घरी धुऊ का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : धुऊ नका आणि व्हिनेगरही लावू नका. सावलीत, वाऱ्यावर पसरून मऊ ब्रशने हलकेच झटका. डाग उरल्यास जरीच्या कापडांची सवय असलेल्या ड्रायक्लीनरला द्या. परत ठेवताना मलमलीत गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नव्हे, आणि घड्या दर दोन-तीन महिन्यांनी बदला.