फ्रोनेसिसला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे: कचेरीतल्या ‘ज्ञान व्यवस्थापना’च्या प्रशिक्षणात ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचे एपिस्टेमे, टेक्ने आणि फ्रोनेसिस हे शब्द आले. मराठी पत्रकात तिन्हींना ‘ज्ञान’च म्हटलंय, ते चालेल का? आणि टेक्ने म्हणजे आपलं ‘तंत्र’च का?

नाही चालणार. ‘निकोमाखियन एथिक्स’ या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या सहाव्या भागात ॲरिस्टॉटल हे शब्द मुद्दाम वेगळे काढतो. एपिस्टेमे म्हणजे सिद्ध करून दाखवता येतं ते. त्याला ‘ज्ञान’ किंवा ‘शास्त्र’ म्हणा. टेक्ने म्हणजे घडवण्याचं कसब.

‘तंत्र’शी टेक्नेचं नातं नाही, कानाला सारखं लागतं इतकंच. ‘तंत्र’ आला ‘तन्’ म्हणजे ताणणे या धातूपासून. त्याचा एक जुना अर्थ विणकराचा माग. टेक्नेचा संस्कृतातला खरा भाऊबंद ‘तक्षन्’, म्हणजे सुतार. ग्रीकमध्येही सुतार ‘टेक्टोन’च! लाकूड तासणाऱ्या हाताची ही ओळख इतक्या दूरच्या दोन भाषांनी जपली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

फ्रोनेसिस म्हणजे समोरच्या प्रसंगी काय करणं योग्य हे कळणं. तरुण मुलगा भूमितीत निष्णात होतो, पण फ्रोनेसिस त्याच्यापाशी नसते, कारण ती एकेका प्रसंगाच्या अनुभवातून येते, असं ॲरिस्टॉटल सांगतो. ‘व्यवहारज्ञान’ला हिशेबीपणाचा वास येतो, ‘शहाणपण’ फार ऐसपैस. माझं मत ‘तारतम्य’ला. लघुतर-लघुतम यांतल्या ‘तर’ आणि ‘तम’ या प्रत्ययांपासून झालेला शब्द. कशापुढे काय जास्त महत्त्वाचं, ही तुलना त्याच्या पोटातच आहे.

आमच्या लेखा विभागातल्या एक बाई निवृत्त झाल्या, तेव्हा सगळी कामं वहीत नीट लिहून गेल्या. व्हाउचर कसं तपासायचं, नोंद कुठे करायची, सगळं. पण दिवाळीच्या तोंडावर पैसे अपुरे असताना चार बिलांपैकी आधी कुठलं काढायचं, कुठल्या छोट्या ठेकेदाराच्या मजुरांचा पगार त्यावर अडलाय, हे त्यांना बिल हातात घेताच कळायचं. ते वहीत नव्हतं. शेवटचं वर्षभर कुणाला त्यांच्या शेजारी बसवायला हवं होतं. बसवलं नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

मराठी क्रियापदंही हेच सांगतात. ज्ञान देतात, कसब शिकवतात, तारतम्य मात्र येतं. ‘तारतम्य दिलं’ असं कुणी म्हणत नाही. म्हणून पत्रकातलं ‘ज्ञान हस्तांतरण’ पहिल्या दोघांपुरतं ठेवा. तिसऱ्यासाठी ‘हाताखाली तयार होणे’ हा आपला जुना प्रयोग वापरा.